अकरावा ठोका

१

वस्तू तपासताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा माझा जुना नियम. बेअरिंगच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासनीस होतो. पोलादी गोळी डाव्या हाताच्या बोटांत एकदा फिरवली की ती केसभर लहान आहे की मोठी, ते सांगायचो. यंत्रावर नंतर मोजायचं, ते फक्त कागद भरण्यापुरतं.

मग मानेची शस्त्रक्रिया झाली आणि डावा हात बधिर झाला. कोपराच्या खाली काहीच कळत नाही. हात हलतो, वळतो, पेला उचलतो, पण पेला हातात आहे हे मला बघूनच समजतं. सहा महिन्यांची रजा मिळाली. शेवटी कारखान्याचे डॉक्टर माझे डोळे बांधून हातात गोळ्या देणार होते. ओळखल्या तर खुर्ची माझी, नाहीतर नारळ.

व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, पकड लागेल असं काहीतरी काम करा. म्हणून मी रविवारच्या लोहारकामाच्या वर्गाला जायला लागलो. डाव्या हातात सांडस, उजव्या हातात हातोडी. शिकवणाऱ्यांना सगळे मामा म्हणत. मामांचं म्हणणं, घरी स्वतःची ऐरण असल्याशिवाय हात बसत नाही. चार महिने गेले होते. हातात फरक नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. हाताबरोबर आणखीही काही बधिर झालं असावं. बायको तसं म्हणायची.

"जुनी घे," मामा म्हणाले. "नवी परवडायची नाही. गोळी टाकून बघ, किती उसळते ते. कडा बघ. आणि हातोडीनं वाजवून घे. चिरलेली असली की भदभद वाजते. विकणारा वाजवू देत नसेल तर समज, काहीतरी लपवतोय."

२

जाहिरात वाचून गेलो ते घर एका उताराच्या रस्त्यावर होतं. विकणारी चाळिशीची बाई, गेलेल्या लोहाराची सून. तिनं मला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. मधोमध ओंडक्यावर ऐरण. एका बाजूला लोहाराची उभं राहायची जागा, जमिनीत खळगा पडलेला. समोरच्या बाजूला एक बुटकं बाकडं, बसून बसून गुळगुळीत झालेलं. कोपऱ्यात लोखंडी बादली. एवढंच सामान.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. माथ्यावर पट्टी आडवी धरली, मध्ये नखाएवढा झोल. एका बाजूची कड दोन ठिकाणी उडालेली, दुसरी शाबूत. खडूनं माथ्यावर नऊ गोल काढले, त्यांत आकडे घातले आणि प्रत्येक गोलावर हातभर उंचीवरून गोळी सोडली. गोळी सगळीकडे जवळपास तेवढीच वर येत होती. अशी ऐरण नशिबानं मिळते.

मग खिशातून हातोडी काढली.

"वाजवू नका," बाई म्हणाली.

मामांचं बोलणं आठवलं. म्हटलं, हं, सापडली. मी पहिल्या गोलावर ठोका दिला. स्वच्छ, लांबणारा आवाज. दुसरा, तिसरा. प्रत्येक जागेचा आवाज थोडा वेगळा होता, मध्यावर जाड आणि शिंगाकडे, म्हणजे टोकाच्या निमुळत्या भागाकडे, बारीक होत गेलेला. नऊ ठोके झाले. चीर कुठेच नव्हती. शस्त्रक्रियेपासून माझ्या कानात गुणगुण असते, म्हणून कानाची खात्री करायला मी कोपऱ्यातली बादलीही एकदा वाजवली. तो दहावा.

अकरावा ठोका कशाला दिला, याला कारण नाही. ती सवय होती. डावा हात ऐरणीवर टेकला होता, त्याच्या पाठीवर हातोडी हळूच आपटली. दिवसातून चार वेळा मी असं करायचो, काही कळतंय का बघायला. ठप असा आवाज आला. कळलं काहीच नाही.

वर बघितलं तेवढ्यात बाईनं डोळे मिटले आणि ती भिंतीला टेकली.

"शेवटचं केलंत?" तिनं विचारलं.

"शेवटचं म्हणजे?"

"काही नाही. आजच नेणार असाल तर न्या."

बाकडंही घेऊन जा म्हणाली. मी नको म्हटलं.

३

शनिवारी संध्याकाळी चार हमालांनी ऐरण घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवली. रविवारी मी ओंडका बसवला, गंज घासला, तेलाचा हात फिरवला. खडूचे गोल मुद्दाम ठेवले. घासायला कडा होत्याच की बाकी.

सोमवारी व्यायामाहून परतलो तेव्हा पहिला गोल गेला होता.

पुसला गेला असता तर एवढ्या बारकाईनं बघितलं नसतं. बाकी आठ जागच्या जागी होते, आकड्यांसकट. पहिल्याच्या जागी मात्र रुपयाएवढा चकचकीत ठसा होता. घण बसल्यावर पडतो तसा, जरासा खोल. खडूची भुकटी त्याच्या भोवती गोल उडाली होती. माझ्याकडे घण नाही. माझी सगळ्यात मोठी हातोडी दोन मुठींएवढी आहे, आणि तिनं असा ठसा दहा घावांतही पडला नसता.

मी विचार केला, ठसा आधीचाच असेल, खडूखाली झाकला असेल. सव्वीस वर्षांच्या तपासनिसाला न दिसलेला. तरी मी तेच धरून चाललो.

मंगळवारी दुसरा गोल गेला.

४

बायको पुढच्या खोलीत पडदे शिवते. आमच्याकडे तिच्या शिवणयंत्राचा आवाज सुरू असला म्हणजे सगळं ठीक चाललंय असं समजायचं. सकाळ-संध्याकाळ ती माझ्या डाव्या हाताला तेल लावून पाव तास चोळते. समोर स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ लावते. चोळताना मी खिडकीबाहेर बघतो, कारण हाताकडे बघितलं नाही तर तो चोळला जातोय हे मला कळतही नाही.

बुधवारी संध्याकाळी चोळता चोळता ती म्हणाली, "तुझ्या त्या कामाची गंमतच आहे बाई."

"का?"

"एकच घाव घालतोस. सव्वादहा वाजता एक दणका, की संपलं. बाकी दिवसभर शेडमध्ये चिडीचूप. त्या एका घावासाठी एवढं धूड आणलंस?"

सव्वादहाला मी व्यायामाला असतो. बाहेरगावच्या बसनं अर्धा तास जायला लागतो. शेडमधूनच मागच्या मागे निघतो, त्यामुळे यंत्रावर बसलेल्या तिला ते कळत नाही.

"आजही ऐकलास?"

"मग. खिडकीची काच हलली की." ती हसली. "मी तर त्यावर चहा टाकायला उठते."

तिला सांगण्यासारखं वाटलं नाही. भीती वाटायला हवी हे कळत होतं, पण नुसतं कळत होतं. रात्रीचं जेवण नीट गेलं आणि झोपही लागली.

५

रविवारपर्यंत सहा गोल गेले होते. रोज एक, मी घातलेल्या आकड्यांच्या क्रमानं. वर्गात मामा दोन माणसांचं काम दाखवत होते. लोहार छोटी हातोडी मारतो, समोरचा घणवाला बरोबर त्याच जागी घण मारतो.

"लोहाराची हातोडी काम करत नाही," मामा सांगत होते. "ती नुसती सांगते. इथे मार, आता इथे मार. घणवाल्यानं डोकं चालवायचं नाही. दाखवलं तिथे मारायचं, दाखवलं तेवढंच मारायचं."

"आणि थांबायचं कसं?" कुणीतरी विचारलं.

"त्याची खूण असते. मी हातोडी आडवी टाकतो. कुणी शिंगावर दोनदा टिचकी मारतो. प्रत्येक भट्टीची आपापली. ती दिली नाही तर तो बापडा मारतच राहणार."

वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, ऐरण वाजवून घेतली, नऊ ठिकाणी. थांबायची खूण केली नाही.

मामा भट्टीतले निखारे पसरत होते. "तू ऐरण घेतलीस बाबा, घणवाला नाही घेतलास," ते म्हणाले आणि हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "कुठल्या भट्टीची म्हणालास?"

मी उताराचा रस्ता सांगितला. मामा बराच वेळ निखारे पसरत राहिले, पसरायला काही उरलं नव्हतं तरी.

"त्यांच्या सुनेला विचार," ते म्हणाले.

६

सोमवारी व्यायाम बुडवून गेलो. बाईनं दार उघडलं, मला ओळखलं आणि आत बोलावलं नाही. आम्ही पायरीवरच बोललो.

"सासऱ्यांचा घण त्यांचे थोरले भाऊ मारायचे," ती म्हणाली. "मोठे मामंजी. त्यांना दिसत नव्हतं. लहानपणापासून. ऐकून मारायचे. सासऱ्यांनी कुठे वाजवलं ते आवाजावरून ओळखायचे आणि तिथेच मारायचे. कधी चुकले नाहीत."

"आणि थांबायची खूण?"

"सासरे काहीतरी म्हणायचे. तोंडातल्या तोंडात. भावाभावांतलं होतं ते, आम्हाला कधी ऐकू आलं नाही. मी एकदा विचारलं तर दोघेही हसले होते."

"सासरे आधी गेले?"

"हो."

"मग थोरले?"

तिनं दाराची कडी उगाच वरखाली केली. "बाकड्यावर बसून असायचे. जेवायला उठायचे, परत जाऊन बसायचे. घरात कुणी भांडं आपटलं तरी मान वळायची. दोन वर्षं, मग तेही गेले. आम्ही घरात पावलं न वाजवता चालायला शिकलो."

मी विचारलं, तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं. ती म्हणाली, "मी वाजवू नका म्हटलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

७

मंगळवारी नवव्या गोलाची पाळी. मी दहा वाजता शेडमध्ये स्टूल टाकून बसलो. हातात चहा. तपासनिसानं गैरहजेरीत झालेल्या गोष्टीवर सही करू नये.

शेडमध्ये दुसरं कुणी असायला जागाच नाही. एका बाजूला जुनी सायकल, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे, पलीकडे भिंत. पत्र्यावर ऊन तापत होतं आणि पत्रा मधूनच कडकड करत होता. मी ऐरणीकडे बघत होतो. पापणी लवू नये असा प्रयत्न चालला होता.

सव्वादहाला आधी श्वास ऐकू आला. जड वस्तू उचलताना माणूस छाती भरून घेतो तसा, लांब आणि निवांत. ऐरणीच्या पलीकडून आला. मग घाव. पायाखालची जमीन हलली, सायकलची घंटी आपोआप किणकिणली, माझा चहा मांडीवर सांडला. नवव्या गोलाच्या जागी ठसा होता आणि वर खडूची भुकटी तरंगत होती.

घण दिसला नाही. मारणारा दिसला नाही. मी स्वतःशी म्हटलं, चला, नऊ झाले. नऊ गोल होते, नऊ संपले.

मग आठवलं की मी अकरा वाजवले होते.

तरी मनाची समजूत घातली. दहावा ठोका बादलीवर होता, आणि बादली तिकडे उताराच्या रस्त्यावर. अकरावा हातावर, पण तो हात तेव्हा ऐरणीवर टेकलेला होता. हात ऐरणीपासून लांब ठेवला की झालं. यात काही चूक दिसत नव्हती.

८

बुधवारी सव्वादहाला मी शेडमध्ये उभा होतो, हात पाठीमागे बांधून. काहीच झालं नाही. साडेदहाला फोन आला.

"बादली गेली," बाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "मी पाणी भरून अंगणात आणली. खाली ठेवली, कडी सोडली, सरळ झाले, तेवढ्यात. चपटी झाली. भाकरीसारखी."

"तुम्हाला लागलं?"

"नाही. अजून थोडं वाकलेली असते तर लागलं असतं. तुम्ही हातावरपण वाजवलं होतंत. मी बघितलं होतं."

म्हणजे जागेशी संबंध नव्हता. ज्यावर वाजवलं, ते जिथे असेल तिथे. मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तो फोनच्या वायरीशी खेळत होता, माझ्या नकळत.

उरलेला दिवस मी शेडमध्ये काढला. हातोडी आडवी टाकली. शिंगावर दोनदा टिचक्या मारल्या, मग भीती वाटून नाही, पण हेही ठोकेच धरले गेले तर काय म्हणून थांबलो. पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलं, पुरे. बस झालं दादा. झालं काम. जेवायला चला. आता हात धुवा. एक भाऊ दुसऱ्याला काय काय म्हणत असेल ते सगळं म्हणून बघितलं. मला भाऊ नाही, त्यामुळे फार सुचलं नाही.

संध्याकाळी बायको तेलाची बाटली घेऊन आली.

"आज हात लावू नकोस," मी म्हटलं. "उद्याही नको. माझ्या या बाजूला बसूच नकोस."

"का पण?"

मी सांगितलं. सगळं, गोळीपासून बादलीपर्यंत. ती हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आपण उद्या डॉक्टरांना भेटूया का?" मी नको म्हणालो. तिनं पुन्हा हात पुढे केला आणि मी ओरडलो, "हात काढ." तिनं बाटलीचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होती.

"तुला काही वाटतच नाही का रे?" तिनं विचारलं. ती हाताबद्दल विचारत नव्हती.

"नाही," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

९

गुरुवारी सकाळीही तिनं जवळ येऊन बघितलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो. पावणेदहाला तिला दोरे आणायला दुकानात पाठवलं. ती पिशवी घेऊन गेली. मी शेडमध्ये गेलो.

समोरच्या बाजूला, ऐरण आणि भिंतीच्या मध्ये, मी खडूची भुकटी पसरून ठेवली. मग डावा हात ऐरणीच्या माथ्यावर पालथा ठेवला. घाव कुठेही येणारच होता, तर मग जेवणाचं टेबल कशाला मोडायचं आणि ती शेजारी असताना कशाला. हात असाही कामाचा नव्हता. डॉक्टर डोळे बांधणार आणि मी गोळ्या ओळखणार, यावर माझा स्वतःचाही विश्वास उरला नव्हता. तुटला तरी कळणार नाही. बादलीला तरी कुठे कळलं होतं.

सव्वादहा वाजले. काहीच झालं नाही.

दहा वीस. पत्रा कडकडत होता. मला वाटलं, मांसाचा आवाज तो काय येणार, एवढासा ठप. त्यावरून त्याला जागा ओळखू आली नसेल. पंचवीस झाले. पाय अवघडले होते, तरी मी हात हलवला नाही.

दार वाजलं. बायको होती, हातात रिकामी पिशवी.

"दुकानात गेली नाहीस?"

"कोपऱ्यापर्यंत गेले. सव्वादहाला तिथेच कान लावून उभी राहिले." तिला धाप लागली होती. "आज घाव ऐकू आला नाही. रोज यायचा, काल नाही आला, आजही नाही. मला काय काय वाटलं. म्हणून आले परत."

"बाहेर जा."

"जाते." ती गेली नाही. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली. माझ्या तोंडाकडे बघितलं, ऐरणीवरच्या हाताकडे बघितलं, आणि काय समजायचं ते समजली. मी वेडा झालोय असं समजली असेल, किंवा फार एकटा पडलोय असं. तिनं आपला हात माझ्या हातावर ठेवला. जरा जोरातच ठेवला.

ठप असा आवाज झाला.

आणि मला कळलं. आधी तिच्या बोटांची टोकं कळली, सुईनं खरखरीत झालेली. मग तळव्याची ऊब, मग वजन. चार महिने जिथे काही नव्हतं तिथे तिचा अख्खा हात होता. मला रडू आलं. मी म्हटलं, "लागतोय."

"काय लागतंय?"

"तुझा हात. मला लागतोय."

तिची बोटं माझ्या बोटांत शिरली आणि घट्ट झाली. तेही लागलं, प्रत्येक बोट वेगळं.

तेव्हा पलीकडून कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.

मी खाली बघितलं. खडूच्या भुकटीत दोन पावलं उमटली होती. अनवाणी, फाकलेली, नीट रोवलेली. बाकी काही नव्हतं, पावलांच्या वर भिंतच दिसत होती. मी बघत असताना टाचांकडची भुकटी मोकळी झाली आणि चवड्यांखालची आणखी दबली.

भीती वाटली. खरीखुरी भीती, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत. मी हात ओढला, पण तिनं तो दाबून धरला होता.

"हात काढ," मी म्हणालो.

हे ती दोन दिवस ऐकत होती. "नाही काढणार," ती म्हणाली, आणि दुसराही हात वर ठेवला.